तेलाला नको, पेशीला हवं

इंदूरच्या आसपासच्या सोया प्लांटमध्ये कच्चं तेल काढलं की आधी ते गरम करतात आणि त्यात थोडं पाणी सोडतात. तेलात इतका वेळ गुमान विरघळून राहिलेला एक पदार्थ पाणी मिळताच फुगतो, जड होतो आणि चिकट गाळ होऊन वेगळा पडतो. हे डीगमिंग. त्या तपकिरी गाळापासूनच लेसिथिन तयार होतं. चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते. त्यात मुख्यतः फॉस्फोलिपिडं असतात, आणि आपल्या प्रत्येक पेशीचं आवरणही मुळात त्यांचंच.

या रेणूचं डोकं फॉस्फेटचं, त्याला पाणी लागतं. मागच्या दोन शेपट्या स्निग्धाम्लांच्या, त्यांना पाण्याचं वावडं. असे रेणू पाण्यात पडले की आपोआप दुहेरी थर लावतात: डोकी बाहेर, शेपट्या आत. हा पडदा जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचा. एका मिलिमीटरमध्ये असे दोन लाख मावतील!

थर दोनच, हे 1925 साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी सांगितलं. तांबड्या पेशींतली स्निग्ध द्रव्यं काढून त्यांनी पाण्यावर पसरली, तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत म्हणजे स्निग्ध द्रव्यं पूर्ण निघाली नव्हती आणि पेशीचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन्ही चुकांची फिटंफाट झाली, उत्तर बरोबर आलं.

पडदा घट्ट गोठलेला नसतो. थंडीत खोबरेल गोठतं, सोयातेल वाहतं राहतं, कारण सोयातेलातल्या बऱ्याच शेपट्या वाकड्या असतात आणि एकमेकींना नीट चिकटून बसत नाहीत. पेशीच्या पडद्यातही अशाच वाकड्या शेपट्या असतात, म्हणून त्यातली प्रथिनं इकडून तिकडे सरकू शकतात.

मला मात्र सगळ्यात भावते ती या दोन थरांतली विषमता. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं फॉस्फोलिपिड पेशी आतल्या थरातच ठेवते. ते बाहेर निसटलं तर ऊर्जा खर्चून परत आत ओढते. भाजी चिरताना बोट कापलं की जखमेवर जमलेल्या प्लेटलेट्स हा नियम मुद्दाम मोडतात. आतलं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं, रक्त गोठवणारी प्रथिनं कॅल्शियमच्या मदतीने त्याला धरतात आणि गुठळी नेमकी कापलेल्या जागी धरते. मरणाऱ्या पेशीही हेच रेणू बाहेर काढतात. ते दिसले की भक्षक पेशी येऊन त्यांना गिळून टाकतात.