शहामृगाचे चामडे व इतर दुर्मीळ चामडी

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांसारखी नेहमीची जनावरे सोडून इतर प्राण्यांच्या कातड्यापासून कमावलेल्या चामड्याला व्यापारात ‘एक्झॉटिक लेदर’, म्हणजे परक्या मुलखातले चामडे, म्हणतात. शहामृग, मगर, अजगर, घोरपड, पाकट (स्टिंगरे मासा) आणि मोरी (शार्क) ही त्यांतली ठळक नावे. यांतले परकेपण युरोपीय गिऱ्हाइकाच्या नजरेतले आहे. गोव्यात यांतले बहुतेक प्राणी घरचेच : मगर कुंभारजुव्याच्या कालव्यात, मोरी आंबटिक या आंबट-तिखट कालवणाच्या भांड्यात, घोरपड डोंगरउतारावर. खऱ्या अर्थाने बाहेरचा तो शहामृग.

आजचा रानटी शहामृग आफ्रिकेतला. नराची उंची अडीच मीटरच्या वर जाते, वजन शंभर किलोंहून अधिक भरते आणि पायाला दोनच बोटे असतात. फारसीत त्याला शुतुरमुर्ग, म्हणजे उंटपक्षी, म्हणतात. ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’ या शास्त्रीय नावातही तोच उंट आहे. गोव्याच्या जुन्या राजभाषेत, पोर्तुगीजमध्ये, तो ‘अव्हेश्त्रूझ’. मराठी मुलुखालाही तो कधीकाळी अनोळखी नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव तुकडे मिळाले. ते सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे मानले जातात.

शहामृगपालनाचा व्यापारी पाया दक्षिण आफ्रिकेतील औट्सहूर्न भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला गेला. तेव्हा मागणी पिसांना होती, युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी. 1913 साली सोने, हिरे आणि लोकर यांच्या पाठोपाठ पिसे हीच त्या देशाची मोठी निर्यात होती. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले, फॅशन पालटली आणि बाजार कोसळला. चामड्याला महत्त्व आले ते त्यानंतर बऱ्याच काळाने.

या चामड्याची ओळख म्हणजे त्यावरचे उंचवटे. पीस जिथून उगवते तिथे कातडीला फुगीर गाठ असते आणि कमावल्यानंतरही ती राहते. गाठी सर्वांगावर सारख्या नसतात. पाठीवरच्या मधल्या पट्ट्यात त्या दाट असतात, म्हणून तोच भाग सर्वांत महाग. पायाच्या कातडीवर गाठींऐवजी रुंद खवले असतात आणि ती सरपटणाऱ्या प्राण्याची वाटते. ठसा मारून गायीच्या चामड्यावरही अशा गाठी उठवतात. फरक पाहायचा तर गाठींतले अंतर पाहावे : खऱ्या चामड्यात ते अनियमित असते आणि गाठीच्या माथ्यावर पिसाचे बारीक छिद्र दिसते, ठशाच्या नक्षीत तोच आकार ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतो. एमू या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पक्ष्याच्या चामड्यावरही गाठी असतात, पण लहान.

माशांच्या कातडीचा पसारा निराळा. पाकटाची, म्हणजे गोव्यातल्या वागळ्याची, कातडी बारीक कठीण कणांनी भरलेली असते. हे कण घासून सपाट केले की चामडे काचेच्या मण्यांसारखे चमकते. फ्रान्समध्ये त्याला ‘गॅलुशा’ म्हणतात, ते पंधराव्या लुईच्या काळातील एका कारागिराच्या नावावरून. मोरीची खरखरीत कातडी सुतार लाकूड घासायला वापरत.

मगरीचे चामडे जगभर सर्वांत प्रतिष्ठेचे समजले जाते. गोव्यात मात्र मगर पुजली जाते. दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला शेतकरी मातीची मगर करतात आणि तिच्या पाठीवर शिंपल्यांचे खवले लावतात. ‘मानगे थापणी’ या नावाचा हा विधी खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, शेतीशी बांधलेला आहे. खाऱ्या पाण्याला अडवणाऱ्या बांधांची राखण मानगे, म्हणजे मगर, करते ही त्यामागची श्रद्धा.

गोव्यातील वापराचा विचार केला तर सगळ्यांत महत्त्वाचे कातडे घोरपडीचे. घुमट हे दोन तोंडे असलेले मातीचे वाद्य आहे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात; लहान तोंड तळव्याने झाकत-उघडत नाद बदलतात. चतुर्थीच्या आरतीत शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे (झांजा) यांच्या जोडीने, सुवारी या सामूहिक वादनात आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडो या कोंकणी गीतप्रकारात व्हायोलिनच्या साथीला घुमट वाजते. घोरपडीचे कातडे पातळ, चिवट आणि ताण टिकवणारे, त्यामुळे थाप खणखणीत उठे. त्या नादासाठी पिढ्यान्‌पिढ्या घोरपडी मारल्या गेल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिच्या शिकारीला किमान 3 वर्षांची कैद आहे. त्यामुळे घुमट काही काळ कायद्याच्या आणि परंपरेच्या मध्ये अडकले. वाट निघाली ती बोकडाच्या कातड्याने. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, ती याच बदलानंतर. बोकडाच्या कातड्याचा नाद थोडा वेगळा पडतो हे खरे, पण वाद्य उघड्यावर वाजते, विकले जाते आणि मुलांना शिकवता येते, हा लाभ नादातल्या फरकापेक्षा मोठा आहे.

वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ करार लागू आहे. तो 1973 मध्ये झाला. भारत 1976 पासून त्यात आहे. या करारात प्राण्याची जात आणि तिचे मूळ ठिकाण पाहिले जाते. दक्षिण आफ्रिकेतील पाळीव शहामृगाच्या चामड्यावर त्याचे बंधन नाही, पण सहाराच्या आसपासच्या काही देशांतल्या रानटी शहामृगांना पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टाचे संरक्षण आहे. भारतीय अजगरही त्याच परिशिष्टात आहे. म्हणून विमानतळावर अशी पिशवी किंवा पट्टा नेताना ‘अस्सल चामडे’ एवढी चिठ्ठी पुरत नाही. जातीचे नाव लिहिलेला कागद, आणि परिशिष्टातील प्राणी असेल तर परवाना, लागतो.