पंचांग सोलापूरचं, भरती रत्नागिरीची

सोलापुरात मासे धरायचे म्हणजे उजनी. रविवारी पहाटे निघायचं, फुगवट्याच्या कडेला एखादी सावली बघून बसायचं, गळाला कणकेची गोळी लावायची आणि चिलापीची वाट बघायची. पाणी मागच्या रविवारपेक्षा हातभर मागे सरकलेलं असतं, एवढाच काय तो फरक. वारा सुटला की लाटा उठतात, वारा पडला की थोड्या वेळात पाणी पुन्हा सपाट. या धरणानं आम्हाला एक खोड लावून ठेवली आहे: आत्ता जे पाणी दिसतंय, तेच तासाभरानंही असणार, असं धरून चालायची.

ही खोड घेऊन आम्ही चौघं एका मे महिन्यात रत्नागिरीला गेलो. सोलापूर ४३ अंशांवर तापलेलं, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग तर दारावरूनच जातो. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला एका कड्याखालच्या खडपावर उतरलो. "काय बे, समुद्र तर उजनीपेक्षा निवांत हाय की," मित्र म्हणाला. खरंच होता. वाऱ्याचं नाव नव्हतं. चाळीस मिनिटं काहीच झालं नाही, आणि मग एक लाट आली. ती फुटली नाही, तिनं आवाजही केला नाही. पाणी नुसतं वर चढत राहिलं, गुडघ्याला लागलं आणि परत जाताना एक पिशवी, दोन चपला आणि आमिषाचा डबा घेऊन गेलं. आम्ही दगडाला मिठ्या मारून होतो म्हणून राहिलो.

आमच्यापेक्षा दोन पुरुष उंचीवर एक काका हातदोरीनं गरवत बसले होते. त्यांनी दोरी न सोडताच विचारलं, "दगड ओला होता. बघितलात नाय?"

नव्हता बघितला. पुढची दोन-तीन वर्षं त्या एका प्रश्नामागं वाचत, विचारत गेली.

उजनीची लाट आणि समुद्राची लाट दिसायला एका जातीच्या, पण त्यांचं गणित वेगळं आहे. धरणावर वाऱ्याला पाण्यावरून धावायला काही किलोमीटरच मिळतात, त्यामुळे लाटा ठेंगण्या आणि घाईच्या: दोन सेकंदाला एक. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची सोपी रीत अशी, की दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग करायचा आणि त्याला १.५६ नं गुणायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. दोन सेकंदांची लाट सहा मीटर लांब. बारा सेकंदांची लाट सव्वादोनशे मीटर लांब, आणि तिचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर. लाटेची हालचाल पाण्यात खाली साधारण तिच्या निम्म्या लांबीइतकी पोचते. म्हणजे उजनीची लाट तीन मीटर खाली विरते, तर समुद्राची ही लाट शंभर मीटरहून खोल पाणी हलवत येते. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तिला हळूहळू उथळ होत जाणारा तळ लागतो, ती अडखळते, फुटते, फेस होऊन दमून पायाशी येते. कड्याखाली मात्र एकदम आठ-दहा मीटर खोल पाणी असू शकतं. तिथं तिला दमायला जागाच नसते. जवळजवळ सगळी ताकद शिल्लक ठेवून ती दगडाला भिडते आणि मग वर चढते. आमची लाट बिनआवाजाची का होती, ते असं.

आणि वारा नसताना ती आली कुठून? हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, जिथं वर्षभर वादळं घोंघावतात, तिथून. पंधरा सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी चाळीसेक किलोमीटरनं सरकते, दिवसाला हजार किलोमीटर. सात-साडेसात हजार किलोमीटर कापायला आठवडा लागतो. आम्ही सोलापुरात गळ साफ करत होतो, तेव्हा आमची लाट बहुधा वाटेत होती. केरळच्या किनाऱ्यावर अशा, निरभ्र दिवशी दबक्या पावलांनी येणाऱ्या पाण्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे अंदाज आणि इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री ते बघायला दोन मिनिटं लागतात.

पण अंदाज वाचायलाही शिकावं लागतं. 'लाटांची उंची १.५ मीटर' याचा अर्थ सगळ्यात मोठी लाट दीड मीटरची, असा नाही. लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर वरच्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. शंभर लाटांत एखादी त्याच्या दीडपट भेटते, हजार लाटांत एखादी जवळपास १.९ पट. बारा सेकंदाला एक लाट धरली तर हजार लाटा म्हणजे तीन तास वीस मिनिटं, गरवणाऱ्याची एक नेहमीची बैठक. म्हणजे तीन-साडेतीन तास बसणाऱ्याला पावणेतीन मीटरची एक लाट भेटेल असं धरूनच जागा निवडायची. ती पहिल्या मिनिटाला येईल की शेवटच्या, हे कुणी सांगू शकत नाही. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गानं वाढते, त्यामुळे १.९ पट उंच लाट साडेतीन पट ताकद घेऊन येते. म्हणून खाली उतरण्याआधी वरूनच निदान अर्धा तास समुद्र बघायचा. अर्ध्या तासात दीडशे लाटा दिसतात. हजारासमोर ते कमीच, पण आम्ही पाच मिनिटंसुद्धा बघितलं नव्हतं.

आता भरती. इथं सोलापूरकरानं थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण दाते पंचांग निघतं ते आमच्या गावातून. समुद्रापासून रस्त्यानं तीनशेहून जास्त किलोमीटरवर छापलेल्या त्या पानांत रत्नागिरीच्या भरतीची वेळ दडलेली असते. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. आजोबांच्या पिढीनं शाळेत पाऊणकी घोकली ती अशी कामाला येते.

ही युक्ती का चालते? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचे बारा अंश. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून बारा अंशांना ४८ मिनिटं. प्रत्येक तिथीला चंद्र तेवढा उशिरा डोक्यावर येतो, आणि त्याच्या मागे भरतीही. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, तोंडी हिशेबाला पुरेसं जवळ. अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहते, बंदराबंदरात फरक पडतो, म्हणून छापील तक्ता मिळाला तर तोच बघावा. त्या मे महिन्यात आम्ही गेलो तो दिवस षष्ठीचा होता. सहा पाऊणे साडेचार. आम्ही तीनला उतरलो, म्हणजे पाणी चढत असताना. पंचांग घरी खिळ्याला टांगलेलं होतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा सगळ्यात मोठा चढउतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात छोटा. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेकडे तो कमी होत रत्नागिरीला दोन मीटरच्या आसपास येतो. हे पाणी सहा तासांत सारख्या गतीनं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दोन मीटरच्या चढात पहिल्या तासाला जेमतेम वीतभर, पण तिसऱ्या-चौथ्या तासाला दर तासाला अर्धा मीटर. ओहोटीला उड्या मारत पलीकडच्या खडकावर गेलेला माणूस पहिले दोन तास पाठीमागे बघतो, काही बदललं नाही म्हणून निर्धास्त होतो, आणि नेमका त्यानंतर मागचा चर भरतो.

काकांचा ओला दगड हा यातला सगळ्यात स्वस्त तक्ता. मे महिन्याच्या उन्हात दगड पाव तासात वाळतो, म्हणजे ओला दगड पाव तासापूर्वीची लाट सांगतो. कोरडा दगड मात्र काहीच हमी देत नाही. त्यासाठी दगडावर काय वाढलंय ते बघायचं. पांढरट, टोकदार, खरखरीत बार्नॅकल (कवचातले छोटे जीव) जिथं चिकटलेत तिथं पाणी नेमानं येतं, कारण वरचेवर भिजल्याशिवाय ते जगत नाहीत. त्यांच्याच आसपास कालवं. त्याखाली हिरवं-तपकिरी शेवाळ. आणि बार्नॅकलच्या वर, जिथं नुसते तुषार पोचतात, तिथं काळा पट्टा. हा पट्टा दगडाचा रंग वाटतो, पण तो सूक्ष्म जिवांचा, मुख्यतः सायनोबॅक्टेरियांचा थर असतो. वाळलेला असताना पाय घट्ट बसतो. तुषार पडले की हे जीव स्रवत असलेला चिकट पदार्थ फुगतो, पाणी धरून ठेवतो, आणि तळवा दगडाला टेकतच नाही, पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगतो. शेवाळाला सगळे भितात. माणूस घसरतो तो बऱ्याचदा या काळ्या पट्ट्यावर. बार्नॅकलवर पाय धरतो, पण पडलात तर कातडी सोलून निघते. चप्पल घालून जाणं हा शुद्ध वेडेपणा (दोन चपला गमावलेला माणूस सांगतोय). खिळ्यांच्या किंवा नमद्याच्या तळव्याचे बूट याच कामासाठी मिळतात.

तो खालचा काळा दगड तसा आमच्या ओळखीचा. सोलापूरच्या विहिरी ज्यात खोदल्या, तोच दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. धोका वरच्या जांभ्यात आहे. पाऊस आणि उष्णतेनं मूळ दगडातलं बरंच काही धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. त्याचा पृष्ठभाग टणक कातळासारखा, पण खाली मऊ, मातकट थर. पावसाचं पाणी आणि लाटा तो थर पोखरतात आणि वरचा कातळ सज्जासारखा पुढे लोंबत राहतो. वर उभं राहिलं की पायाखाली आधार आहे की हवा, ते कळत नाही. म्हणून कड्याच्या टोकाशी जायचं नाही, जाणत्या माणसाच्या वापरातली वाट धरायची, सामान पाठीला, दोन्ही हात मोकळे. मे महिन्यात वाळलेलं गवत आणि जांभ्याचे सुटे गोटे हीच उतारावरची खरी घसरगुंडी. परतीची चढण दमलेल्या पायांनी आणि बहुधा अंधारात असते, तेव्हा डोक्याला बांधायची बॅटरी हवीच.

एवढा खटाटोप कशासाठी? तांबोशी आणि गोबरा हे मासे याच फेसात असतात. आपटणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, दगडावरचे खेकडे, शिंपले सुटून पडतात, आणि फेसाच्या आडोशानं शिकाऱ्याला लपता येतं. माशाला सोयीची जागा नेमकी आपल्या गैरसोयीची. मासा लागल्यावर तो उचलायला माणूस नकळत दोन पावलं खाली जातो, आणि तीच दोन पावलं महाग पडतात. लांब दांड्याची जाळी घ्यावी, नाहीतर मासा सोडून द्यावा.

गुडघाभर पाण्यानं काय होतं, असं वाटतं. सेकंदाला तीन मीटर वेगानं परतणारं गुडघाभर पाणी दोन पायांवर साधारण साठ किलोच्या वजनाइतका दाब टाकतं. निसरड्या दगडावर एवढ्यात कुणीही आडवा होतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं २०१६ साली खडकावरच्या मासेमारीसाठी वेगळा कायदाच केला, आणि धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या जागी लाइफ जॅकेट सक्तीचं केलं. आपल्याकडे ते आपणच घालायचं.

पडलात तर मन सांगेल दगडाकडे पोहा. उलट करायचं: दगडापासून लांब, उघड्या पाण्यात जायचं, कारण चेंदामेंदा होतो तो दगडाजवळ. तिथं पाठीवर तरंगत राहायचं. वरच्यानं मागोमाग उडी मारायची नाही. ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ फिरवायचा आणि तरंगणारं काहीतरी फेकायचं. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन पाच किलो वजन पेलतो. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर राहायला तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

आता आमच्या गाडीत असे दोन कॅन असतात, गळ्याला वीस-वीस मीटर दोरी बांधलेले. पंचांगाचं ते पान फोटो काढून फोनमध्ये. पुढची खेप एकादशीची ठरली आहे. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि दोन-अडीचला ओहोटी. घरात विचारणा झाली, एकादशीला मासे? म्हटलं, धरायचे एकादशीला, खायचे द्वादशीला.