की-फ्रेम : यूजर इंटरफेसमधील आकारांचे अ‍ॅनिमेशन

पडद्यावरील आकाराच्या हालचालीतील मोजक्या, निर्णायक अवस्था व त्यांच्या वेळा प्रोग्रॅमरने ठरवून द्यायच्या आणि मधल्या अवस्था संगणकाने गणिताने भरून काढायच्या, या पद्धतीत ठरवून दिलेल्या प्रत्येक अवस्थेस की-फ्रेम म्हणतात. ‘मुख्य चौकट’ हा प्रतिशब्द अर्थाला धरून असला, तरी बोलण्यात की-फ्रेम हाच शब्द रुळला आहे. मधल्या अवस्था काढण्याच्या क्रियेस अंतर्वेशन ही गणितातील संज्ञा लागू पडते. नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला, की पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला की गळ्याला, यावरून पुराची चर्चा होते आणि मधली पातळी ऐकणारा मनानेच भरून घेतो. की-फ्रेमचे तत्त्व याहून वेगळे नाही.

ही संज्ञा हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनपटांतून आली. मुख्य चित्रकाराने हालचालीची टोके रेखाटावीत व साहाय्यकांनी मधली चित्रे पुरी करावीत, अशी श्रमविभागणी अमेरिकी स्टुडिओंत साधारणपणे १९३० च्या दशकापर्यंत स्थिरावलेली दिसते. तिचे श्रेय एकाच व्यक्तीस देणे अवघड आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली होती आणि त्या प्रयोगाशी या तंत्राचे नाते जोडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे प्रत्येक चौकट कॅमेऱ्याने घेतलेली होती, मधले काहीही अनुमानाने भरलेले नव्हते. म्हणून तो प्रयोग वेगळ्या परंपरेत ठेवणे अधिक युक्त ठरते. संगणकीय की-फ्रेमचे श्रेय सामान्यतः कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील नेस्टर बर्टनिक व मार्सेली वाइन यांना दिले जाते. त्यांचा यावरील निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, मात्र काम १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले होते.

यूजर इंटरफेसच्या, म्हणजे वापरकर्ता ज्याच्याद्वारे संगणकाशी व्यवहार करतो त्या पडद्यावरील मांडणीच्या, प्रोग्रॅमिंगमध्ये हे तंत्र वेबपानांवरील हालचाल व आकृत्यांसाठीच्या स्मिल (१९९८) व एसव्हीजी (२००१) या वेबमानकांतून आले, पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन (२००६) या प्रणालीत व अ‍ॅपलच्या कोअर अ‍ॅनिमेशनमध्ये (२००७) दिसले; वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील अ‍ॅनिमेशनचा पहिला मसुदा २००९ चा आहे.

पुराची माहिती देणाऱ्या मोबाइल पानावर मारुतीच्या चित्रावरून निळा आयत वर चढवायचा आहे, असे समजू. कालावधी ४ सेकंद. पाऊल कालावधीच्या ० टक्के, गुडघा २०, कंबर ४५, छाती ७० व गळा १०० टक्के, अशा पाच की-फ्रेम दिल्या. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर या अवधीत सुमारे २४० चौकटी उमटतात, म्हणजे जवळजवळ सर्व चौकटी अंतर्वेशनाच्या आहेत. सीएसएसमध्ये वेगवक्र, म्हणजे वेळेनुसार बदल किती झाला हे दाखवणारा वक्र, सांगितला नाही, तर ‘ईझ’ हा वक्र गृहीत धरला जातो. त्याचे नियंत्रणबिंदू, म्हणजे वक्राचा आकार ठरवणारे बिंदू, (०.२५, ०.१) व (०.२५, १) असल्याने शेवटी त्याचा चढ, म्हणजेच हालचालीचा वेग, शून्य होतो. हा वक्र सबंध चार सेकंदांना लागू होतो असा समज सहज होतो, पण तो लगतच्या दोन की-फ्रेममधील प्रत्येक टप्प्याला स्वतंत्रपणे लागू होतो. परिणामी पाणी गुडघ्याशी थबकते, कमरेशी पुन्हा थबकते आणि नदी पायरीपायरीने चढल्याचा चुकीचा भास होतो. माहिती देणाऱ्या चित्रात हा दोष गंभीर मानला पाहिजे. सरळरेषी अंतर्वेशन वापरल्यास थबकणे जाते, मात्र टप्प्यांवर वेग एकदम बदलतो. त्यावर डोरिस कोचानेक व रिचर्ड बार्टल्स यांनी १९८४ मध्ये मांडलेले, सर्व की-फ्रेममधून सलग जाणारे वक्र हा उपाय आहे. कोअर अ‍ॅनिमेशनमध्ये त्याची सोय आढळते.

सीएसएसमध्ये की-फ्रेमला जोडलेला वेगवक्र तिच्यापासून पुढील की-फ्रेमपर्यंत चालतो, तर विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन व अँड्रॉइडमध्ये तो मागील की-फ्रेमपासून तिच्यापर्यंत चालतो. एका प्रणालीतील संहिता (कोड) दुसरीत नेताना सर्व वक्र एका घराने सरकवावे लागतात.

आकारच बदलायचा असल्यास दोन्ही की-फ्रेममधील शिरोबिंदूंची संख्या व क्रम जुळावा लागतो. चौरस ९० अंशांनी फिरवण्यासाठी केवळ शिरोबिंदूंचे सरळरेषी अंतर्वेशन केले, तर मध्यावर त्याची बाजू मूळच्या सुमारे ०.७१ पट, म्हणजे क्षेत्रफळ निम्मे होते. १८० अंशांसाठी तो मध्यावर एका बिंदूत मिटतो. म्हणून फिरवणे हे कोनाच्या अंतर्वेशनाने करतात. बर्टनिक व वाइन यांचे १९७६ च्या निबंधातील, आकृतीत साधा सांगाडा कल्पून त्याच्या हालचालीवरून आकार हलवण्याचे तंत्रही हालचाल अधिक नैसर्गिक करण्यासाठीच होते.

ज्यांना हालचालीने चक्कर वा मळमळ होते, त्यांनी उपकरणावर ‘हालचाल कमी’ हा पर्याय निवडलेला असल्यास वरील आयत थेट अखेरच्या की-फ्रेमवर दाखवावा.