पातळ पोहे की भाजके पोहे? न तळलेल्या चिवड्याआधीचा प्रश्न

दिवाळीच्या आठवडाभर आधी दादरला पोह्यांच्या दुकानासमोर उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो.

"अर्धा किलो चिवड्याचे पोहे द्या."

"ताई, पातळ देऊ की भाजके?"

"चिवड्याचे हो."

"दोन्ही चिवड्याचेच आहेत."

मग ताई क्षणभर घुटमळतात आणि समोर दिसतील ते घेऊन जातात. पुढे घरी चिवडा बिघडला की ठपका बसतो तो न तळण्यावर. "यंदा कमी तेलात करायला गेले, वातड झाला. पुढच्या वर्षी आपला तळलेलाच बरा." मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं, कारण बहुतेकदा चूक तेलाची नसतेच. पातळ पोह्यांना भाजक्या पोह्यांसारखं वागवलेलं असतं, किंवा भाजक्यांना पातळांसारखं.

दोन्हींचं मूळ एकच. साळ गरम पाण्यात भिजवतात, भाजतात आणि गरम असतानाच चेपून सपाट करतात. या खटाटोपात तांदूळ निम्माअधिक शिजतोच, म्हणून तर पोहे चुलीवर न ठेवता नुसते भिजवून किंवा ओल्या नारळात दडपून खाता येतात. फरक पडतो तो यानंतर. पातळ पोहे कागदासारखे होईपर्यंत चेपलेले असतात आणि तसेच विकायला येतात. त्यांच्या अंगात थोडं पाणी शिल्लक असतं. भाजके पोहे मात्र आपल्याकडे येण्याआधीच पुन्हा भट्टीवरून आलेले असतात. त्यांच्यातलं पाणी उडालेलं असतं, ते फुललेले असतात, आतून पोकळ झालेले असतात. पहिल्यातलं पाणी तुम्हाला काढायचंय, दुसऱ्यातलं कुणीतरी आधीच काढलंय. न तळलेल्या चिवड्याचं सगळं गणित इथे आहे.

दुकानात ओळखायला सोपं आहे. चिमूटभर हातावर घ्या आणि उजेडाकडे धरा. पातळ पोह्यातून उजेड आरपार येतो, तो पांढरा आणि सपाट असतो, बोटांत दाबला तर आधी वाकतो. भाजका पोहा जाडसर, किंचित पिवळट, अंगावर बारीक फोड आलेला; दाबला की कट्कन मोडतो. तरी शंका असेल तर एक दाणा तोंडात टाका. पातळ टाळूला चिकटतो, भाजका दाताखाली वाजतो. नायलॉन पोहे म्हणून मिळतात ते पातळाहूनही पातळ असतात. त्यांना पातळांचेच नियम, फक्त आच आणखी मंद. जाड पोहे मात्र इथे नकोत, ते कांदेपोह्यांना राहू द्या.

आता तळणीकडे वळू. तिच्याबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. लालबागच्या चिवडा गल्लीतून जाताना पाय रेंगाळतात ते माझेही. पण तळताना नेमकं काय होतं हे पाहिलं की घरी तिच्यावाचून का भागतं ते कळतं. जाड पोहे गाळणीत घालून गाळणीच कडकडीत तेलात बुडवतात. पोह्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती बाहेर पडताना पोहा फुलवते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. पोहा बाहेर काढला की आतली वाफ निवते आणि अंगावरचं तेल त्या पोकळ्यांत ओढलं जातं. म्हणजे तेलानं दोन कामं केली: वाळवलं आणि फुलवलं. पातळ पोह्यांना फुलण्याची गरजच नसते, ते नुसते वाळले तरी कुरकुरीत होतात. भाजक्यांची तर दोन्ही कामं झालेली असतात.

शिवाय कढईत उरलेल्या तेलाचा प्रश्न असतोच. ते ओतून द्यायला जीव धजत नाही, मग त्यातच शेव, त्यातच चकली, त्यातच नंतर भाजी. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात नको ते घटक वाढत जातात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 पासून तळणाच्या तेलातल्या अशा ध्रुवीय घटकांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरात ते मोजणार कसं? सगळ्यात सोपं म्हणजे उरणारं तेल मुळात कढईत ओतायचंच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पातळ पोहे मी भाजके समजून थेट फोडणीत घातले होते. गरम असताना छान लागले. संध्याकाळपर्यंत चामट. सासूबाईंनी एक पोहा दोन बोटांत धरून वाकवून दाखवला आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, पाणी आहे यात अजून." त्यांचा पोहा मोडायला हवा होता तिथे वाकला होता. आजही पातळ पोहे भाजताना मी तीच खूण पाहते.

त्यांच्याकडून शिकलेली रीत अशी. पाव किलो पातळ पोहे आधी चाळायचे, कारण खाली बसलेला चुरा सगळ्यांत आधी करपतो आणि अख्ख्या चिवड्याला कडवटपणा देतो. मग दोन-तीन तास ऊन दाखवायचं. आमच्या गिरगावच्या चाळीत गॅलरीत परात ठेवून वर मलमलचं फडकं बांधायचे, कबुतरांच्या भीतीनं. आता ज्यांच्या खिडकीत ऊन येत नाही त्यांनी ओव्हन 100-110 अंशांवर ठेवून पोहे ताटात पसरून दहाएक मिनिटं ठेवावेत, मधे एकदा हलवावेत. मायक्रोवेव्हमध्येही होतात, पण एकेक मिनिटानं थांबून हलवत. त्यानंतर जाड बुडाच्या मोठ्या कढईत, मंद आचेवर, थोडेथोडे घेऊन भाजायचे. घाई करून आच वाढवली की कडा तांबूस होऊन पोहे आक्रसतात आणि मध्यभाग ओलाच राहतो. आठ-दहा मिनिटं लागतात. कालथ्यानं ढवळलं तर चुरा होतो. कढई दोन्ही बाजूंनी धरून पाखडल्यासारखी हलवावी, किंवा दोन झाऱ्यांनी खालून वर उचलावं. रंग बदलू द्यायचा नाही. कढईत सळसळ असा कोरडा आवाज यायला लागला की एक पोहा काढून वाकवायचा. मोडला तर झालं.

भाजक्या पोह्यांना यातलं जवळजवळ काहीच नको. दोन-तीन मिनिटं कोमट केले की पुरे. पातळांसारखे दहा मिनिटं भाजत बसलात तर ते करपट होतात आणि दाताला टोचायला लागतात. त्यांचा त्रास वेगळाच आहे. ते पोकळ असल्यामुळे फोडणी जिथे पडते तिथेच शोषली जाते. चार पोहे पिवळेजर्द आणि तेलकट, बाकीचे कोरडे पांढरे. मग माणूस वरून आणखी तेल घालतो. दोन्हींत भाजके जास्त "हलके" अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण प्रत्यक्षात जास्त तेल पितात तेच. यावर उपाय म्हणजे फोडणी जरा निवू द्यायची, हळद, तिखट, मीठ त्यातच मिसळायचं, पोहे मोठ्या परातीत पसरून चमच्यानं थोडीथोडी सगळीकडे शिंपडायची आणि लगेच हातानं वरखाली करायचं. हात थोडे पिवळे होतात, पण तेल आवाक्यात राहतं.

पाव किलो पातळ पोह्यांना मला तीन टेबलस्पून तेल पुरतं, भाजक्यांना चार. मोहरी, हिंग आणि कढीपत्ता दोन्हीकडे सारखे. कढीपत्ता आदल्या दिवशी धुऊन फडक्यावर सुकवायचा. मिरचीचे तुकडे फोडणीत अगदी कडक होईपर्यंत परतायचे. मऊ राहिलेली एक मिरची डब्यात पाणी सोडते आणि सगळं भाजणं वाया घालवते. हळद गॅस बंद करून घालायची. पिठीसाखर आणि आमचूर चिवडा निवल्यावर.

आता खाण्यातल्या खऱ्या फरकाबद्दल, कारण इथे बरेच जण स्वतःची समजूत घालतात. एका टेबलस्पून तेलात साधारण 120 कॅलरी असतात. तीन चमच्यांचं तेल बारा वाट्यांत वाटलं गेलं तर वाटीमागे 30. हा फायदा मोठा आहे. पण पोहे म्हणजे शेवटी तांदूळच. भाजल्यानं त्यातला पिष्ट पदार्थ कमी होत नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी न तळलेला म्हणून दुप्पट खाऊ नये. आणि शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मा भाग स्निग्ध असतो. 50 ग्रॅम दाणे घातले की सुमारे 25 ग्रॅम तेल आलंच, म्हणजे जवळजवळ दोन टेबलस्पून. सुक्या खोबऱ्यात तर त्याहून जास्त. मी दाणे आणि काप वगळत नाही, त्यांच्याशिवाय चिवड्याला चव नाही, पण ते कोरडेच भाजते. खोबऱ्याचे काप नुसत्या तव्यावर गुलाबी होतात, त्यांना त्यांचं स्वतःचं तेल पुरतं. भर घालायची ती डाळ्याची. त्यात प्रथिनं चांगली आणि तेल थोडं.

मग कुठले घ्यायचे? लहान मुलं आणि दात नाजूक असलेले आजी-आजोबा घरात असतील तर पातळ. त्यांचा कुरकुरीतपणा हलका असतो, जिभेवर विरघळतो. भाजक्यांचा चिवडा कुडकुडीत. चहाबरोबर चावायला मजा येते, आणि नोकरी करून रात्री नऊला फराळाला बसणाऱ्या बाईला तो वीस मिनिटांत होतो हे काही थोडं नाही. दोन्ही एकत्र मात्र करू नका. एक भाजून होईपर्यंत दुसरा करपतो.

मुंबईच्या हवेत ऑक्टोबरमध्येही दमटपणा असतो, आणि पातळ पोहे तो आधी ओढून घेतात. चिवडा पूर्ण निवल्याशिवाय डबा लावायचा नाही, नाहीतर झाकणाला वाफ धरते. रोजच्या खाण्याचा छोटा डबा वेगळा ठेवला तर मोठा सारखा उघडावा लागत नाही. तरीही चौथ्या-पाचव्या दिवशी पातळ पोह्यांचा चिवडा सादळला तर टाकू नका आणि तेलही घालू नका. कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं फिरवा, साखर करपायला लागण्याआधी उतरवा, आणि परातीत पसरून निवू द्या. एक पोहा उचलून वाकवून बघा.