गार पाण्यातला बास आणि गार पाण्यातला स्टीलहेड

"पाणी गार पडलं की मासा सुस्तावतो. गळ डोहात सोडायचा आणि हलवायचा नाही." मिशिगनमध्ये उन्हाळाभर स्मॉलमाउथ बास पकडणारी आपली मंडळी नोव्हेंबरात पहिल्यांदा स्टीलहेडसाठी गाइड ठरवतात, तेव्हा हे वाक्य सोबत घेऊनच बोटीत चढतात. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की वाईट वाटतं. कारण पुढचे आठ तास कसे जाणार हे मला ठाऊक असतं: बोटं बधिर, गाइड वल्ही मारून दमलेला आणि जाळी कोरडी. बासच्या बाबतीत ते वाक्य खरं आहे. स्टीलहेडच्या बाबतीत त्यानेच दिवस वाया जातो.

बासबद्दल इथे फार लिहीत नाही. जूनच्या सकाळी खडकांच्या आडून गळावर झडप घालणारा, दोन-दोनदा पाण्याबाहेर उसळणारा तो तपकिरी-हिरवा मासा तुम्हाला माहीत आहे. फक्त नावाचा घोळ मिटवून टाकू. आपला रायगडचा जिताडा इंग्रजीत सी बास म्हणवतो आणि सुपरमार्केटात बासा नावाचे गोठवलेले तुकडे मिळतात. स्मॉलमाउथचं या दोघांशी काही नातं नाही. तो उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला मासा आहे.

स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. जात एक, राहणी वेगळी. नदीत जन्मतो, एक-दोन वर्षांनी मोठ्या पाण्यात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर हे मोठं पाणी म्हणजे समुद्र, मिशिगनमध्ये महासरोवरं (ग्रेट लेक्स). इथले स्टीलहेड मूळचे नव्हेत. कॅलिफोर्नियातून आणलेले रेनबो १८७६ मध्ये ऑ साबल नदीत सोडले, तिथून ही गोष्ट सुरू होते. दीडशे वर्षं या नद्यांत चढणाऱ्या माशाला कुणी खोटा स्टीलहेड म्हणालं की मला राग येतो. तो सॅमनही नाही. इथला चिनूक सॅमन अंडी घालून मरतो. स्टीलहेड जगला-वाचला तर परत सरोवरात जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. फोटोखाली सॅमन लिहिण्याआधी तोंड उघडून बघा: चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात, स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं.

आता मुद्द्याचं. गार पाणी म्हणजे किती गार? आकडे फॅरनहाइटमध्ये देतो, कारण तिथले गाइड त्यातच बोलतात. बासची वाढ उत्तम होते ती सत्तरीच्या वरच्या पाण्यात. ५०च्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली तो मंदावतो आणि ४०च्या खाली खाणं जवळजवळ सोडतो. स्टीलहेडला ४० ते ५५ हे घरचं पाणी. सत्तरीला पोचलेल्या पाण्यात मात्र त्याचा श्वास कोंडतो. म्हणजे नोव्हेंबरातल्या ४३ अंशांच्या पाण्यात एकाच नदीत, दोनशे हातांच्या अंतरावर, एक मासा हिवाळ्याला बसलाय आणि दुसरा ऐन प्रवासात आहे. दोघंही थंड रक्ताचे हे खरं, पण प्रत्येकाचं शरीर वेगळ्या पाण्यासाठी घडलेलं आहे.

इथवर बहुतेकांना पटतं. घोळ होतो तो पुढच्या एका शब्दावर: संथ. बासचा गाइड म्हणतो संथ, स्टीलहेडचा गाइडही म्हणतो संथ. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं एकच सांगतायत.

बासच्या बाबतीत संथ म्हणजे थांबलेलं. गार पाण्यातला बास धारेबाहेर, डोहाच्या तळाशी, जिथे पाणी जेमतेम हलतं तिथे असतो. धारेत उभं राहायला ताकद लागते आणि ती त्याला परवडत नाही. एकदा खाल्लेलं पचायला दिवस लागतात, म्हणून तो पाठलाग करत नाही. ट्यूब (मऊ रबरी पोकळ आमिष) किंवा केसांचा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) तळावर ठेवायचा, ठेवायचा म्हणजे खरंच ठेवायचा. पाण्यात अधांतरी राहणारा जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी ओढायचा नकली मासा, असेल तर दोन झटक्यांमध्ये दहा, पंधरा, वीस सेकंद हात गप्प. घेतल्याचा झटकाही लागत नाही. दोरा नुसता जड होतो, ओलं पान अडकल्यासारखा.

स्टीलहेडच्या बाबतीत संथ म्हणजे तळाच्या धारेच्या वेगाने वाहणारं. हे वाक्य दोनदा वाचा, सगळी मेख इथे आहे. नदीचं पाणी वरून खालपर्यंत सारख्या वेगाने धावत नाही. तळाचे दगड-गोटे त्याला अडवतात, म्हणून पृष्ठभाग पळतो आणि तळ रेंगाळतो. स्टीलहेड त्या रेंगाळणाऱ्या थरात, साधारण माणूस चालतो तेवढ्या वेगाच्या आणि कमरेपासून डोक्याएवढ्या खोल पाण्यात तोंड धारेकडे करून उभा असतो. शरदात सॅमनची अंडी त्याच्यासमोरून वाहत येतात आणि ती तळाच्या वेगानेच येतात. तुमचा अंड्यासारखा दिसणारा मणी किंवा अंड्यांची पुरचुंडी त्याहून भरभर आली तरी त्याला खटकतं आणि थांबून राहिली तरी खटकतं. शिवाय ती थांबतही नाही. दोरा ताणून धरला की धार आमिषाला उचलते, ते तळ सोडून वर येतं आणि कडेला फेकलं जातं. मासा खाली, आमिष त्याच्या डोक्यावरून गेलेलं.

बॉबर, म्हणजे दोऱ्याला बांधलेला तरंगता खुंट, वरच्या पळत्या पाण्यावर, आमिष खालच्या रेंगाळत्या पाण्यात. बॉबर मोकळा सोडला तर तो आमिषाला फरफटत नेतो. म्हणून त्याला किंचित मागे धरायचं, अडवायचं नाही. सेंटरपिन रीळ याच कामाचं: त्याला ब्रेक नसतो, चाक मोकळं फिरतं आणि बोटाच्या टेकूने दोरा हवा तेवढाच सुटतो.

गेल्या नोव्हेंबरात माझा मेहुणा सोबत होता. बासमधला हात इतका चांगला, की उन्हाळ्यात मी त्याच्यामागे बसतो. क्रोटन धरणाच्या खाली, मस्कीगन नदी, पाणी ४३ अंश, हवा गोठणबिंदूखाली. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता, दर चार-पाच फेकींनंतर तो बोटाने फोडावा लागे. मेहुणा प्रत्येक वेळी आमिष तळाशी गेलं की दोरा घट्ट धरे, जसा ट्यूबचा धरतो. गाइडने तीनदा सांगितलं, दोरा सोड. याने तीनदा मान हलवली आणि पुन्हा धरला, कारण हात ऐकत नव्हता. शेवटी गाइडने नांगर टाकला, पाण्यावरून वाहत येणारं एक पिवळं पान दाखवलं आणि म्हणाला, हे पान तुझ्या बॉबरच्या पुढे निघून गेलं पाहिजे, पण हळूच, रस्त्यात कुणी ओलांडून जावं तसं. पुढच्या फेकीला पान बॉबरला गाठून पुढे गेलं. बॉबर मधूनमधून थरथरला, खालचं शिसं गोट्यांना टेकत होतं. मग तो एकदम दिसेनासा झाला. सात-आठ पौंडांची चंदेरी मादी होती.

ताणलेल्या दोऱ्यावर स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी नकली माशी) आडवा फिरवत नेणारेही आहेत, आणि खरं सांगायचं तर मला तोच प्रकार सगळ्यांत प्रिय आहे. पण तिथेही माशी उभी नसते. धार तिला काठाकडे नेत असते आणि तिचा वेग आपण दोऱ्याने राखतो. पहिल्या खेपेला मात्र बॉबरच घ्या.

जानेवारीत पाणी ३४ अंशांवर आलं की दोघं माशांमधलं अंतर कमी दिसू लागतं, आणि बहुधा घोळाचं मूळ इथेच आहे. तेव्हा स्टीलहेडही जोराची धार सोडून खोल, मऊ पाण्यात सरकतो, त्यामुळे तो डोहातल्या बाससारखा वाटतो. पण तो मिटून गेलेला नसतो. उन्हाने दुपारी दोन अंश चढले की डोहाच्या शेपटाकडे, पाणी उथळ होऊ लागतं तिथे येऊन उभा राहतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत पहाटेचा हट्ट धरू नका. गाइड दहाला निघू म्हणाला तर तो आळशी नाही.

त्याच पाण्यातल्या बासबद्दल माझं मत ठाम आहे: ४०च्या खाली त्याच्या वाटेला जाऊ नये. नदीच्या बऱ्याच लांबीतले मोठे बास हिवाळ्यात एकाच डोहात गोळा होतात. एक डोह सापडला की पन्नास मासे मोजता येतात आणि लोक ते अभिमानाने सांगतात. मिशिगनमध्ये बास पकडून लगेच सोडायला वर्षभर परवानगी आहे, म्हणजे यात बेकायदा काही नाही. पण गार पाण्यात बास फार हळू वाढतो. अठरा इंची मासा दहा वर्षांच्या आसपासचा असू शकतो. त्याला ऐन उपासात पुन्हापुन्हा ओढून काढण्यात मला आनंद दिसत नाही.

स्टीलहेड सोडतानाही एक चूक सर्रास होते. हवा गोठणबिंदूखाली असताना मासा फोटोसाठी हातात धरून उभे राहतात, काहीजण बर्फावर आडवा ठेवतात. कल्ल्यांची नाजूक पाती ओली असतात, अशा हवेत ती गोठू शकतात. जाळी पाण्यातच ठेवा, हातमोजा काढून हात ओला करा, गळ काढा. फोटो हवाच असेल तर क्षणभर वर आणि लगेच खाली.

गाइड ठरवताना कोणता मासा हे स्पष्ट सांगा, नुसतं "नदीवर जायचंय" म्हणू नका. बाससाठी जून ते सप्टेंबर. स्टीलहेडसाठी नोव्हेंबर, नाहीतर मार्चअखेर ते एप्रिल, आणि तेव्हा उथळ खडीवर अंडी घालणाऱ्या जोड्यांवर गळ टाकायचा नाही हेही आधीच सांगून टाका. चांगल्या गाइडला ते ऐकून बरं वाटतं. एकाच दिवसात दोन्ही हवे असतील तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बघा, पाणी पन्नाशीच्या आसपास असतं तेव्हा. सकाळच्या मंद उजेडात स्टीलहेड, दुपारी पाणी जरा तापल्यावर बास. दोन काठ्या वेगळ्या बांधून ठेवा आणि जेवणानंतर काठी बदलताना हातालाही सांगा: आता दोरा धरायचा.