ऐकणाऱ्यावरची जबाबदारी

कॅनडात मूलनिवासींचे साथी होऊ पाहणाऱ्यांना आज दोन गोष्टी सांगितल्या जातात: आधी आमच्या कहाण्या ऐका, मग स्वतःची तपासा. कार्यशाळांमधून निघालेलं हे नवं खूळ असावं, असं वाटू शकतं. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा न ऐकण्याचा आहे.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूलनिवासींमध्ये पॉटलॅच नावाचा समारंभ होतो. नाव, लग्न, वारसा, जमिनीवरचा हक्क हे सारं तिथे चारचौघांत जाहीर केलं जातं. आलेले पाहुणे साक्षीदार ठरतात. त्यांना भेटी मिळतात. त्या स्वीकारल्या की पाहिलेलं लक्षात ठेवणं आणि पुढे वाद उठला तर ते सांगणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. दस्तऐवजाचं काम माणसंच करतात. कॅनडात १८८५ पासून यावर कायद्याने बंदी आली, ती १९५१ मध्ये उठली. त्यातच १९२७ पासून जमिनीचे दावे लढवायला सरकारच्या परवानगीशिवाय निधी गोळा करणंही गुन्हा ठरला. आणि याच काळात निवासी शाळा, म्हणजे मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी-चर्चच्या शाळा, भरात होत्या. साधारण दीड लाख मुलं एकूण या शाळांमधून गेली, तिथे मातृभाषेत बोललं तर शिक्षा होई. आजी-आजोबांची गोष्ट नातवाला कळूच नये, अशी ही व्यवस्था.

बंदी उठली म्हणून कान उघडले असं नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर प्रदेशावर हक्क सांगत १९८४ मध्ये दावा लावला. घराण्यांची परंपरेने चालत आलेली कथनं आणि गाणी हाच त्यांचा पुरावा. मेरी जॉन्सन या ज्येष्ठ साक्षीदाराने गाणं म्हणायचं ठरवलं, तेव्हा आपल्याला गाण्याचा कान नाही, म्हणून काही उपयोग होणार नाही, असं न्यायाधीशांनी सुनावलं. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर १९९७ मध्ये तो निकाल रद्द करून नव्याने सुनावणी घ्यायला सांगितलं, आणि मौखिक इतिहासाला कागदपत्रांच्या बरोबरीने तोललं पाहिजे असं बजावलं. माझ्या मते या विषयातला खरा कलाटणीचा क्षण हाच.

त्याच वर्षी ‘ब्लँकेट एक्सरसाइज’ हा उपक्रमही तयार झाला. मूलनिवासींची जमीन म्हणून अंथरलेल्या ब्लँकेटांवर लोक उभे राहतात आणि इतिहास पुढे सरकेल तशी ती ब्लँकेटं घड्या घालून लहान होत जातात.

निवासी शाळांबद्दलचं मौन १९९० मध्ये मॅनिटोबाचे नेते फिल फॉन्टेन यांनी स्वतःवरचे अत्याचार जाहीरपणे सांगितले तेव्हा फुटू लागलं. मग खटले आले, तडजोड झाली आणि तिच्यातूनच, या शाळांमध्ये काय घडलं ते ऐकून नोंदवणारा सत्य व सलोखा आयोग उभा राहिला. हे विसरलं जातं म्हणून मुद्दाम सांगायला हवं: आयोग सरकारच्या मोठेपणातून आला नाही, शाळांमधून वाचलेल्यांनी तो लढून मिळवला. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर त्याचे अध्यक्ष होते. ६,५०० हून अधिक लोकांनी निवेदनं दिली, आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी आल्या. आयोगाने मान्यवरांना ‘मानद साक्षीदार’ केलं, त्यांतले काही मूलनिवासी नव्हते. एकेकाळी बंदी घातलेल्या समारंभांतली साक्षीदाराची भूमिका अशी राष्ट्रीय मंचावर परतली. ऐकलेलं आपल्या लोकांत जाऊन सांगायचं, हे त्या भूमिकेतच आलं.

साथीदारीतलं आत्मपरीक्षण इथून सुरू होतं, पण इथेच ते घसरतंही. ऐकणारा रडतो, आपल्या अपराधभावाची गोष्ट सांगू लागतो, आणि मंच पुन्हा त्याचाच होतो. ही टीका मूलनिवासी लेखक-कार्यकर्ते सातत्याने करत आले आहेत आणि ती रास्त आहे. कार्यक्रमाच्या आरंभी जमिनीच्या मूळ मालकांचा उल्लेख करून मोकळं होण्यावरही तीच टीका होते.

त्यापेक्षा कागद काढणं जास्त कामाचं. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने प्रेअरी म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांत स्थलांतरितांना १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळे; त्याच सुमारास तिथल्या मूलनिवासी राष्ट्रांशी करार करून त्यांना राखीव क्षेत्रांत ढकललं जात होतं. पश्चिमेतल्या या जमीनवाटपाच्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पणजोबांच्या कष्टाची गोष्ट ज्या घरात सांगितली जाते, तिथे त्या शेताचा क्रमांक आणि तो भाग कोणत्या करारात येतो, हे दोन्ही शोधून जोडता येतं.