आतड्यातील जिवाणू आणि अपस्मार

मेंदूतील चेतापेशींच्या विद्युतक्रियेत अचानक उसळी येऊन पुन्हापुन्हा झटके येण्याच्या विकाराला अपस्मार म्हणतात. मिरगी, फेफरे, आकडी ही त्याचीच बोलीतली नावे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. त्यांतल्या जवळपास एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी पुरते आटोक्यात येत नाहीत, आणि पोटातल्या जिवाणूंचा शोध महत्त्वाचा ठरतो तो याच रुग्णांसाठी.

या शोधाची वाट आहारातून निघाली. उपवासात झटके थांबतात हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण उपाशी किती दिवस राहणार? १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी जेवूनही उपवासाचा परिणाम साधणारा आहार सुचवला. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ नावापुरते असतात. शरीर मग चरबी जाळते व यकृतात कीटोन नावाची संयुगे तयार होतात, म्हणून हा कीटोजेनिक आहार. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आल्यावर तो मागे पडला, १९९० च्या दशकात परतला. मात्र रक्तातील कीटोनच्या पातळीवरून झटके किती कमी होतील हे नीट सांगता येत नसे. काहीतरी दुवा निसटत होता.

तो दुवा २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत एलेन शाओ यांच्या गटाला उंदरांमध्ये दिसला. ज्यांच्या आतड्यात जिवाणूच नव्हते, किंवा प्रतिजैविकांनी ते मारले होते, अशा उंदरांना हा आहार देऊनही संरक्षण मिळाले नाही. आहाराने अॅकरमॅन्सिया आणि पॅराबॅक्टेरॉइडिस हे जिवाणू वाढत होते. दोन्ही एकत्र दिल्यावर साध्या आहारावरील उंदरांतही झटक्यांना अटकाव झाला. एकट्याने कोणताच पुरला नाही. हे जिवाणू असताना रक्तातील काही विशिष्ट अमिनो आम्ल-संयुगे घटली आणि मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबाचे प्रमाण उत्तेजक ग्लुटामेटच्या तुलनेत वाढले. पुढे २०२३ मध्ये याच गटाने औषधांना दाद न देणाऱ्या १० मुलांची विष्ठा उंदरांना दिली. आहार सुरू केल्यानंतरची विष्ठा मिळालेले उंदीर, आधीची विष्ठा मिळालेल्या उंदरांपेक्षा झटक्यांना अधिक तोंड देऊ शकले.

माणसांतले चित्र इतके स्वच्छ नाही. स्वीडनमधील १२ मुलांच्या अभ्यासात या आहाराने उपयुक्त मानले जाणारे बायफिडोबॅक्टेरिया हे जिवाणू घटले आणि ई. कोलाय हे जिवाणू, ज्यांचे काही प्रकार आजार घडवतात, वाढले. शिवाय रुग्णांची औषधे, खाणेपिणे, बद्धकोष्ठता यांनीही जिवाणू बदलतात. त्यामुळे बदल हे झटक्यांचे कारण की परिणाम, हे वेगळे काढणे अवघड जाते. प्रोबायोटिक्सचा, म्हणजे पोटात घेण्याच्या उपयुक्त जिवंत जिवाणूंचा, एक प्राथमिक अभ्यास आशादायक होता, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. दही, ताक जरूर खावे. त्यांच्या भरवशावर गोळ्या मात्र कधीही बंद करू नयेत. औषध एकाएकी तोडल्याने जिवावर बेतणारे, न थांबणारे झटके येऊ शकतात.

भारतात पोट आणि झटके यांचा आणखी एक संबंध आढळतो, तो वेगळा समजून घ्यावा. डुकरातील पट्टकृमीची अंडी दूषित पाणी किंवा कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात आणि झटके सुरू होतात. तिथे जिवाणूंचा प्रश्न नसतो; उपचारही निराळे असतात.

कीटोजेनिक आहार घरच्या घरी सुरू करण्याजोगा नाही. मूतखडा, वाढ खुंटणे, जीवनसत्त्वांची कमतरता असे धोके असल्याने मुलांना तो मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, तेल-तूपही ग्रॅममध्ये मोजून दिला जातो.